दोन जॉर्ज एकाच बाजूला का बघतात? ब्रिटिश राजे, त्यांची चरित्रं आणि मधले काही तास

खुर्दा

आजोबांची बिस्किटांची एक पत्र्याची डबी माझ्याकडे आली आहे. वारसा वगैरे नाही, दुसरं कुणी मागितली नाही म्हणून. आत पंधरा-वीस जुने रुपये, काही अधेल्या आणि कुठल्या कुलपाची कोण जाणे, एक गंजकी किल्ली. आजी या सगळ्याला सरसकट ‘राणीछाप’ म्हणायची. प्रत्यक्षात राणीचे तीनच. परवा पाऊस उघडेना, तेव्हा सगळे सालाप्रमाणे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले.

१८३५ चा चौथा विल्यम, तोंड उजवीकडे. व्हिक्टोरिया, डावीकडे. सातवा एडवर्ड, उजवीकडे. डोक्यावर मुकुट नाही आणि केसही बेताचेच. पाचवा जॉर्ज, डावीकडे. सहावा जॉर्ज, पुन्हा डावीकडे.

इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सपासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, रिवाज असा की नव्या राजाने आधीच्याच्या उलट बाजूला बघायचं. मग हे बाप-लेक एकाच बाजूला कसे? तर मधला एक राजा डबीत नाही. आठवा एडवर्ड. २० जानेवारी १९३६ ला गादीवर आला, ११ डिसेंबरला उतरला. ३२६ दिवस, राज्याभिषेकाशिवाय. या गृहस्थाला रिवाजाप्रमाणे उजवीकडे बघायचंच नव्हतं. भांगाची डावी बाजू जास्त बरी दिसते, असं त्याचं म्हणणं. टांकसाळीने मुकाट्याने तसे नमुने केलेही, पण नाणी चलनात यायच्या आत राजाच चलनातून गेला. मग धाकट्या भावाच्या वेळी टांकसाळीने असं धरलं की थोरला उजवीकडेच बघत होता, सबब हा डावीकडे. हिशेब जुळला.

तेव्हापासून या घराण्याची चरित्रं वाचायची मला एक खोड लागली आहे. जन्म, दाया, शिकारी, नौदल हे सगळं नंतर. आधी शेवटचं प्रकरण काढायचं आणि शेजारी पुढच्या राजाच्या चरित्रातलं त्याच रात्रीचं पान ठेवायचं. कायदा म्हणतो, गादी क्षणभरही रिकामी नसते. कायद्याचं ठीक आहे, पण घराला वेळ लागतो. कुणीतरी घड्याळ बदलतं, कुणीतरी कपाट उघडतं, कुणीतरी चुलीत कागद घालतं. माणूस कळतो तो तिथे. आणि चरित्रकार काय लपवतो तेही तिथेच कळतं.

एकच रात्र सांगतो. सँड्रिंगहॅम, म्हणजे राजाचं खेड्यातलं घर, २० जानेवारी १९३६. पाचवा जॉर्ज बेशुद्ध. त्याचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी जेवणाच्या मेनूकार्डाच्या पाठीवर निवेदन लिहिलं: राजाचं आयुष्य शांतपणे अखेरीकडे चाललं आहे. ते रेडिओवरून पुन्हा पुन्हा वाचलं गेलं. रात्री अकराच्या सुमारास मात्र डॉसननी मानेतल्या शिरेत आधी मॉर्फिन दिलं, मग कोकेन. पाच मिनिटं कमी बाराला राजा गेला. दुःख कमी व्हावं हे एक कारण. दुसरं त्यांनी स्वतःच टिपून ठेवलंय: बातमी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये यावी, संध्याकाळच्या हलक्या पेपरांत नको. अंक जरा थांबवायला सांग, असा निरोप त्यांनी लंडनला बायकोकडे आधीच फोनवरून दिला होता! या टिपणांची वाच्यता झाली ती १९८६ साली, तब्बल पन्नास वर्षांनी. १९५२ च्या अधिकृत चरित्रात अर्थातच यातलं अवाक्षर नाही.

त्याच घरात त्याच रात्री दुसरी गोष्ट. सँड्रिंगहॅमची घड्याळं अर्धा तास पुढे असत. सातव्या एडवर्डने शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून ती प्रथा पाडली, पाचव्या जॉर्जने निष्ठेने पाळली. बाप गेला आणि नव्या राजाने हुकूम सोडला की सगळी घड्याळं मागे घ्या, खऱ्या वेळेवर आणा. आई खाली, बाप वर खोलीत, आणि माणसं खोल्याखोल्यांतून घड्याळं फिरवतायत. बापलेकांचं किती पटत होतं, यावर चारशे पानं वाचायची गरजच उरत नाही.

तुम्हाला अशा कुठल्या जागा सापडल्यात? लिहा. नाणी, पुस्तकं, ऐकीव गोष्टी, सगळं चालेल. ऐकीव असेल तर तसं म्हणा एवढंच.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण मूळ शंका. ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला धुऊन नेलं त्यांच्या घरातली घड्याळं किती वाजता फिरली, याचं आपल्याला काय?

खुर्दा

शंकासुर, तुमची शंका येणारच होती, म्हणून रुपये आधी मांडले. या लोकांची तोंडं आपल्या आजोबांच्या कनवटीला होती हो. घरात कुणाचं तोंड होतं ते बघायला नको?

गिरगावकर_५२

घड्याळाचंच निघालंय तर हेही घ्या. आमच्या मुंबईचंही घड्याळ वेगळं होतं. भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि हा हट्ट १९५५ पर्यंत टिकला. माझे वडील ‘बाँबे टाइम की स्टँडर्ड?’ असं विचारत, ती सवय पुढे कितीतरी वर्षं गेली नाही. तेव्हा सँड्रिंगहॅमला नावं ठेवू नका, त्यांचा फरक निदान सरळ अर्ध्या तासाचा होता.

दुसरं, मुंबईत ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हटलं की तीन वेगळी माणसं निघतात आणि लोक हमखास घोळ घालतात. काळ्या घोड्यावर बसलेला तो पुढचा सातवा एडवर्ड, १८७५ साली आला होता. पुतळा ससूनने दिला. १९६५ ला तो उचलून राणीच्या बागेत नेला. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला, तो स्वाराशिवाय. म्युझियमचा प्रिन्स ऑफ वेल्स तो पुढचा पाचवा जॉर्ज, १९०५ साली पायाभरणीला आलेला. आणि १७ नोव्हेंबर १९२१ ला जो उतरला आणि ज्याच्या स्वागताला विदेशी कपड्यांची होळी, हरताळ आणि मग दंगल झाली, गांधीजींना उपास करावा लागला, तो हा तुमचा डबीत नसलेला आठवा एडवर्ड.

परळच्या केईएममधला ‘ई’ पुन्हा पहिलाच, सातवा. तिथे माझी दोन्ही मुलं झाली, पण एडवर्ड कोण हे मला साठीनंतर कळलं.

ताकभात

राणीच्या बागेत पुतळे गोळा करून ठेवलेत ते बघायला लहानपणी कुणी न्यायचं नाही. हत्ती आणि माकडं बघून परत. व्हिक्टोरियाचा मोठा संगमरवरी पुतळा भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. चाफेकरांनी डांबर फासून खेटरांची माळ घातली तो हाच ना?

गिरगावकर_५२

हाच. तेव्हा तो फोर्टात होता. आणि रँडवर गोळी घातली ती २२ जून १८९७, गणेशखिंडीत, राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा आटोपून गाड्या परतत असताना. इंग्रजी चरित्रांत त्या दिवसाचं लंडनच्या मिरवणुकीचं वर्णन दहा पानं असतं. पुण्याचा उल्लेख असलाच तर एका ओळीत. खुर्दा म्हणतात तशी दोन पानं शेजारी ठेवायची, तर ही ठेवा.

खलबत्ता

पेशाने डॉक्टर आहे म्हणून डॉसनबद्दल लिहितो. मॉर्फिन समजू शकतं. मरणाऱ्याला धाप लागली असेल, तळमळ असेल, तर आजही आम्ही देतो. पण त्यामागून कोकेन, तेही थेट शिरेत, याला उपशमन म्हणता येत नाही. तीन चतुर्थांश ग्रेन मॉर्फिन आणि एक ग्रेन कोकेन हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं प्रमाण आहे. मला खटकतं ते प्रमाणापेक्षा वेळापत्रक. रोगी आपला, घड्याळ छापखान्याचं.

आणि हेच डॉसन त्याच वर्षी, १९३६ च्या डिसेंबरात, इच्छामरणाचं विधेयक लॉर्ड्समध्ये आलं तेव्हा विरोधात बोलले. म्हणणं असं की हे डॉक्टरच्या विवेकावर सोडा, कायदा कशाला. स्वतःचा विवेक कसा चालला होता ते मात्र तेव्हा सभागृहाला माहीत नव्हतं.

शंकासुर

हे भारी आहे. माघार घेतो, बसलोय.

वाळवी

चरित्रांबद्दल लिहिते, कारण धाग्याच्या नावात ती आहेत आणि अजून कुणी हात घातला नाही.

राजघराण्याचं ‘अधिकृत’ चरित्र ही एक वेगळीच जात आहे. हॅरल्ड निकल्सनला पाचव्या जॉर्जचं काम दिलं तेव्हा दरबाराकडून स्पष्ट सूचना होती: तुम्ही एका दंतकथेबद्दल लिहिताय, त्या बेताने लिहा. निकल्सनने पुस्तक सभ्यपणे पूर्ण केलं आणि भडास स्वतःच्या रोजनिशीत काढली. गादीवर येण्याआधीची सतरा वर्षं हा माणूस जनावरं मारणं आणि तिकिटं चिकटवणं याखेरीज काही करत नव्हता, असं तिथे लिहून ठेवलंय. खुर्दा, तुम्हाला तिकिटांचा किस्सा आवडेल. १९०४ मध्ये मॉरिशसचं दोन पेन्सचं निळं तिकीट १४५० पौंडांना विकलं गेलं. दरबारातल्या एकाने युवराजाला विचारलं, कुणा मूर्खाने एवढे पैसे मोजले, ऐकलंत का? उत्तर आलं, तो मूर्ख मीच.

सहाव्या जॉर्जचं चरित्र व्हीलर-बेनेटने लिहिलं, १९५८. राजा तोतरा होता हे जगाला ठाऊक आहे, पण चरित्रकारही तोतरा होता आणि त्याच लायनल लोगकडे उपचार घेतलेला, हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्यामुळे त्या पुस्तकात बोलण्याच्या अडचणीबद्दलचा भाग आला की कोरडा दरबारी सूर एकदम ओला होतो.

खरी उलथापालथ १९८३ ला केनेथ रोझने केली. रशियाच्या झारला, म्हणजे सख्ख्या मावसभावाला, १९१७ मध्ये आसरा नाकारला त्याचं खापर तोवर पंतप्रधान लॉइड जॉर्जवर फुटत होतं. रोझने कागदपत्रांवरून दाखवलं की सरकार तयार होतं, मागे हटला तो राजा. आपलीच गादी डळमळेल ही भीती. त्याच वर्षी जर्मन आडनाव टाकून ‘विंडसर’ घेतलं. १९१८ च्या जुलैत झार सहकुटुंब मारला गेला. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कोण कुठला ओळखू येत नाही, इतके सारखे दिसत.

आणि जाळपोळ! व्हिक्टोरियाच्या रोजनिशीची धाकटी मुलगी बिअॅट्रिसने नक्कल केली, नको ते गाळलं, मूळ वह्या नष्ट केल्या. नकलेच्याच १११ वह्या झाल्या आहेत. मुळात काय होतं याचा अंदाज येतो तो फक्त सुरुवातीच्या वर्षांपुरता, कारण तेवढ्या भागाची आधीच कुणीतरी टंकलिखित प्रत करून ठेवली होती. मुन्शी अब्दुल करीम, राणीला हिंदुस्थानी शिकवणारा आग्र्याचा माणूस. राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये, आणि नव्या राजाची माणसं त्याच्या दारात हजर. राणीने लिहिलेली पत्रं बाहेर काढली आणि अंगणात पेटवली. तेरा वर्षांची जवळीक तासाभरात राख. मुलाने आईची ही एक गोष्ट फार दिवस मनात धरलेली होती, हे त्या घाईतून कळतं.

आंबटचुका

मुन्शीचं वाचून वाईट वाटलं. मराठीत यांच्यावर वाचण्यासारखं काही आहे का? शाळेत ‘राणीचा जाहीरनामा, १ नोव्हेंबर १८५८’ एवढाच संबंध आला. तोही पाच मार्कांना.

सातारी_कंदी

जाहीरनाम्याचा विषय निघालाच आहे तर गादीच्या बदलाची आमची बाजू.

व्हिक्टोरिया गादीवर आली २० जून १८३७. काका वारला, त्याला औरस मूल हयात नव्हतं, पुतणी राणी झाली. पहाटे आर्चबिशप आणि दरबारचा मुख्य अधिकारी केन्सिंग्टनला गेले, आईने तिला उठवलं, झग्यावर शाल ओढून ती बाहेर आली, ते गुडघ्यांवर बसले. वय अठरा. कुठे तक्रार नाही, तंटा नाही. त्याच घराण्याची जर्मनीतली हॅनोव्हरची गादी मात्र तिला मिळाली नाही, कारण तिथे बाई चालत नव्हती. ती दुसऱ्या काकाकडे गेली. म्हणजे वारसाचे नियम मुलखामुलखाचे वेगळे असतात, हे या लोकांना घरच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं.

आता सातारा. १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं, भाऊ शहाजींना बसवलं. १८४८ ला तेही वारले. मरताना दत्तक घेतला, आपल्या धर्माप्रमाणे, रीतसर. डलहौसी म्हणाला, चालणार नाही. राज्य खालसा. रंगो बापूजी प्रतापसिंहांची कैफियत घेऊन लंडनला गेले होते, तेरा-चौदा वर्षं तिथे कंपनीच्या दारात खेटे घालत राहिले. पैसे संपले, कर्ज झालं. १८५३ ला हात हलवत परत. सत्तावन्नच्या धामधुमीत माणूस नाहीसा झाला तो कायमचा. सत्तावन्न होऊन गेल्यावर यांचे डोळे उघडले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या.

रंगो बापूजी लंडनच्या थंडीत हिंडत होते तेव्हा त्याच शहरात राणीला एकामागून एक नऊ मुलं होत होती. १८५३ पर्यंत आठ. तिच्या एकाही चरित्रात मला त्यांचं नाव सापडलेलं नाही.

खुर्दा

सातारी, हे मनात आलंच नव्हतं. १८४० चा राणीचा रुपया डबीत आहे, तो आता वेगळा काढून ठेवला.

कोरीव

खुर्दा, एक दुरुस्ती. आठव्या एडवर्डची नाणी निघालीच नाहीत असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. तोंडाची निघाली नाहीत, नावाची निघाली. पूर्व आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, फिजी, न्यू गिनी इथली भोकाची नाणी त्याच्या नावाने १९३६ ला पाडली गेली. भोक असल्यामुळे चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता. आणि आपल्या शेजारी कच्छ संस्थानने कोरीवर, म्हणजे तिथल्या नाण्यावर, त्याचं नाव घातलंय. माझ्याकडे पाच कोरीचं चांदीचं आहे. एका बाजूला कच्छचे महाराव, दुसऱ्या बाजूला फारसी लिपीत एडवर्ड. लंडनच्या टांकसाळीला जमलं नाही ते भूजला जमलं.

खुर्दा

मान्य! ‘ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयावर’ असं वाचावं. फोटो टाका ना.

टेम्सकाठी

उशिरा आलो. सप्टेंबर २०२२ ला मी लंडनमध्येच होतो, तेव्हा हे ‘मधले तास’ प्रत्यक्ष बघितले, म्हणजे मधले दिवस.

८ तारखेला गुरुवारी ऑफिसात होतो. दुपारी बकिंगहॅम राजवाड्याचं निवेदन आलं की बालमोरलला असलेल्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीबद्दल डॉक्टरांना काळजी वाटते. बातम्या देणारे काळ्या टायमध्ये दिसायला लागले, तेव्हाच शेजारचा म्हातारा सहकारी म्हणाला, झालं. जाहीर केलं साडेसहाला. मृत्यूच्या दाखल्यावर नंतर दिसलं की वेळ ३ वाजून १० मिनिटांची होती. कारण, वार्धक्य. म्हणजे तीन तास वीस मिनिटं चार्ल्स राजा होता आणि आम्ही चहा पीत होतो. दोनच दिवस आधी तिने नव्या पंतप्रधानाला नेमलं होतं, फोटोत हातावर निळा डाग स्पष्ट दिसतो.

त्या संध्याकाळी माझ्या ओळखीतल्या एका वकीलबाईंच्या नावापुढची अक्षरं बदलली, क्वीन्स कौन्सेलच्या किंग्स कौन्सेल झाल्या. कुठला अर्ज नाही, फी नाही. आपल्याकडे रेशनकार्डावरची वेलांटी बदलायला किती दिवस लागतात ते आठवलं.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटी ठेवली होती, तिच्या दर्शनाच्या रांगेत मी गेलो. राजेशाहीवर प्रेम वगैरे नाही, पण नदीच्या काठाने शहरच सरकत होतं, घरी बसवेना. मनगटाला रंगीत पट्टी बांधली, तिच्यावर नंबर. पट्टी असली की मध्येच मुतारीला जाऊन यायची सोय. माझी रांग नऊ तासांची होती, त्याहून लांबही लागल्या. बायकोने धपाटे दिले होते. तपासणीआधी कळलं की खायचं आत नेता येत नाही. एवढे धपाटे टाकायचे कसे, म्हणून पुढच्या-मागच्यांत वाटले. मागे एक आजी होत्या, सहावा जॉर्ज गेला तेव्हा वडिलांच्या खांद्यावरून याच हॉलमध्ये आलेल्या. त्यांनी धपाटा खाऊन तिखटाने डोळे पुसले. आसपासच्यांना वाटलं राणीसाठी रडतायत.

आत मात्र आवाज एकदम तुटतो. फोन बंद. मधोमध जांभळा चौथरा, त्यावर शवपेटी, वर मुकुट. चार कोपऱ्यांना माना खाली घालून उभे पहारेकरी. दर वीस मिनिटांनी दगडी फरशीवर काठीची टकटक होते आणि पहारा बदलतो. मी नेमका त्या टकटकीला पोचलो, त्यामुळे रांग थांबली आणि मला एका जागी दोन मिनिटं उभं राहायला मिळालं. हिरे अंधाऱ्या हॉलमध्ये खरंच डोळ्यांत खुपतात. कोहिनूर त्यात नसतो, तो थोरल्या राणीमातेच्या मुकुटात आहे. मे २०२३ च्या राज्याभिषेकात कॅमिलाने तो मुकुट घातलाच नाही, मेरी राणीचा घातला. उगाच विषय नको म्हणून.

ताकभात

धपाट्यांसाठी +१. पेनाचं कुणी लिहिलं नाही? १० सप्टेंबरला सेंट जेम्स राजवाड्यात सहीच्या वेळी दौत-पेनाचं तबक मध्ये आलं म्हणून चार्ल्सने वैतागून हात हलवला, आणि तीन दिवसांनी उत्तर आयर्लंडमध्ये पेन हातावर गळलं. तो समारंभ पहिल्यांदाच टीव्हीवर दाखवत होते, नाहीतर हे पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी रोजनिशीतून कळलं असतं. त्र्याहत्तराव्या वर्षी पहिला दिवस नोकरीचा. मला तर दया आली.

मुंबईच्या डबेवाल्यांना २००३ ला चर्चगेटला भेटला होता, २००५ च्या लग्नाला त्यांच्यातल्या दोघांना बोलावलं होतं. माझ्या सासूबाई त्याला अजून ‘डबेवाल्यांचा चार्ल्स’ म्हणतात.

टेम्सकाठी

अवांतर: माझ्या घराच्या कोपऱ्यावरची टपालपेटी पाचव्या जॉर्जची आहे. त्यावर नुसतं ‘जीआर’ लिहिलेलं असतं, आकडा नाही. एलिझाबेथच्या पेट्याही तशाच राहणार, काढत नाहीत. १९५३ ला एडिंबरामध्ये ‘दुसरी एलिझाबेथ’ लिहिलेली पेटी लोकांनी स्फोटाने उडवली होती. म्हणणं असं की स्कॉटलंडला पहिली एलिझाबेथ कधी राणी नव्हतीच, मग ही दुसरी कशी?

शंकासुर

जीआर म्हटलं की आम्हाला मंत्रालय आठवतं.

वाळवी

१९५२ राहिलंच की! माझ्या मते सगळ्यात विलक्षण बदल तोच. ६ फेब्रुवारी. आदल्या दिवशी सहावा जॉर्ज सँड्रिंगहॅमला सशांच्या शिकारीवर होता. सकाळी साडेसातला नोकर उठवायला गेला तर थंड. रात्री नेमका कधी गेला ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे एलिझाबेथ कुठल्या क्षणी राणी झाली, हे कुणी कधी सांगू शकणार नाही. ती केनियात झाडावर बांधलेल्या घरात रात्र काढत होती, गेंडे पाणवठ्यावर येतात ते बघत. सोबत कुमाऊँचा जिम कॉर्बेट होता, तेव्हा तिकडेच स्थायिक झालेला. राजकुमारी म्हणून झाडावर चढली आणि राणी म्हणून उतरली, असं त्याने तिथल्या वहीत लिहून ठेवलं.

लंडनमध्ये बातमी ‘हाइड पार्क कॉर्नर’ या सांकेतिक शब्दांनी फिरत होती. केनियात मात्र ती आधी पत्रकारांकडून आली. खाली सगाना लॉजवर दुपारी नवऱ्याने तिला बागेत नेऊन सांगितलं. सचिवाने विचारलं, नाव कुठलं घेणार? हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. तिचे वडील घरचे बर्टी, अल्बर्ट, गादीवर जॉर्ज. पणजोबाही अल्बर्ट, गादीवर एडवर्ड. काका घरचा डेव्हिड. गादीवर तोही एडवर्ड. तिने सांगितलं, माझंच, दुसरं कशाला.

आंबटचुका

सहावा जॉर्ज आपला शेवटचा राजा ना? १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत?

गिरगावकर_५२

तिथेच सगळे चुकतात. सम्राटपण गेलं, राजेपण राहिलं. २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याने तोच भारताचा राजा. गेटवेखालून शेवटची गोरी पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला गेली, तेव्हाही. गेटवे ज्याच्या आगमनासाठी बांधलं तो पाचवा जॉर्ज १९११ ला तिथे उतरला, तेव्हा कमान नव्हतीच, ती पुरी झाली १९२४ ला. आणि सहावा जॉर्ज तर हिंदुस्थानात कधी आलाच नाही.

वाळवी

ऑगस्ट १९४७ मध्ये त्याने आईला पत्र लिहिलं त्यावर सही ‘जॉर्ज आर’ एवढीच होती. तोवर पुढे ‘आय’ असे, सम्राटाचा. मेरी राणीने पाकिटाच्या पाठीवर नोंद केली की ‘आय’ नसलेलं हे बर्टीचं पहिलं पत्र, फार वाईट वाटलं. एका अक्षरात चाळीस कोटी माणसं होती.

खुर्दा

वाळवी, तुमचा प्रतिसाद वाचून डबीतला शेवटचा रुपया भिंगाखाली धरला. १९४७ चा, निकेलचा. चांदी १९४० लाच निम्मी केली होती, इथे तर नावालाही नाही. मागे वाघ आहे, पुढे सहावा जॉर्ज, डावीकडे बघत. आणि गोलाकार अक्षरं: ‘जॉर्ज सहावा, राजा सम्राट’. सम्राट अजून तसाच आहे. पाडला तेव्हा त्या साली किती महिने खरा होता ते रुपयावर लिहिलेलं नाही.

कोरीव

फोटो टाकतो संध्याकाळी, कोरीचा. खुर्दा, तुमच्या डबीत १९११ चा पाचव्या जॉर्जचा आहे म्हणालात का? त्याच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती नीट बघा. सोंड आखूड, पाय बुटके, लोकांना डुक्कर वाटलं. मुसलमानांनी हरकत घेतली, बोंबाबोंब झाली, आणि १९१२ ला हत्ती दुरुस्त केला. बाजारात ‘डुकराचा रुपया’ म्हणतात.

खुर्दा

बघितला. डुक्करच आहे.

कोरीव

द्यायचा आहे का? रास्त भाव देईन.

खुर्दा

नाही हो. ओळीत खड्डा पडेल. एक आधीच आहे.